छिलुक : चिडाच्या खुंटात दडलेला विस्तव

(दृश्य : पहाट, धुकं, चिडाचं म्हणजे पाइनचं रान. सुयांच्या टोकांवर थेंब.)

रात्रभर पाऊस पडून गेलाय. वाटेवरची काटकी उचलली तर मोडत नाही, वाकते. साल भिजलीय, खाली पसरलेल्या सुया भिजल्यात. उत्तराखंडातल्या कुमाऊंत या सुयांना पिरूल म्हणतात.

(दृश्य : चूल. एक काडी, एक ढलपी. लगेच पिवळी ज्योत आणि काळा धूर.)

रॉकेल नाही, कागद नाही. पेटलंय ते नुसतं लाकूड, चिडाचं, चिकाने भरलेलं. कुमाऊंत त्याला छिलुक म्हणतात, गढवालात छिल्ला. कोकणात वाळल्या झापांची चूड पेटवून रात्रीची वाट चालायचे, तसं इकडे छिलकाच्या उजेडात चालायचे. आजही डोंगरातली कित्येक घरं चूल यावरच पेटवतात. गढवालात दिवाळीनंतर अकरा दिवसांनी इगास येते. तेव्हा याच ढलप्यांची मोळी वेलीने बांधून, पेटवून डोक्याभोवती फिरवतात. तो भैलो.

(दृश्य : खोडाची जाड, भेगाळलेली साल. तळहातावर सुयांचा झुबका.)

झाड आधी ओळखून घ्या. चिडाच्या सुया एका झुबक्यात तीन असतात आणि वीतभर लांब. पाच सुया दिसल्या तर तो कैल, तो जास्त उंचीवर वाढतो. चिकाच्या बाबतीत इथे चीडच पहिला. काष्ठौषधींच्या दुकानातला गंधाबिरोजा या झाडाच्या चिकाचा. हा चीक ऊर्ध्वपातित केला की टर्पेंटाइन उडून वेगळं होतं आणि मागे राळ उरते. छिलकात ही दोन्ही एकत्र असतात. टर्पेंटाइन चटकन पेट घेतं आणि राळ ज्योत धरून ठेवते.

(दृश्य : लीसा म्हणजे चीक काढलेल्या झाडावरच्या तिरक्या चिरा, त्यावर गोठलेले पांढुरके ओघळ.)

चीक झाडाच्या संरक्षणासाठी असतो. कुऱ्हाड लागो, फांदी मोडो की वणव्याने बुंधा भाजो, जखमेभोवतीच्या लाकडात तो भरतो. झाड मेलं की बाहेरचं फिकट लाकूड बुरशी आणि किडे खाऊन टाकतात. चिकाने भरलेला गाभा मात्र त्यांना पचत नाही. म्हणून शोधायचं ते जुन्या, मेलेल्या झाडात. इथे नवखे हमखास फसतात. सालीवर चिकाचे मणी दिसले म्हणजे आतलं लाकूड भरलेलं असेल असं नाही. वरचा ओघळ खरवडला की खाली कोरडं, पांढरं लाकूड निघतं.

(दृश्य : राखाडी, निम्मा कुजलेला खुंट. त्यात चाकूचं टोक.)

हा खुंट बघा. साल केव्हाच गळून गेलीय. कडेला चाकू टोचला तर भुसा पडतो. तेच टोक मध्याकडे सरकवलं की अडतं. वरून सगळं राखाडीच दिसतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. दोन-तीन सेंटीमीटर आत छिलावं लागतं.

(दृश्य : कुऱ्हाडीचा घाव. आत मधाच्या रंगाचं लाकूड. क्लोजअप.)

हा रंग लक्षात ठेवा. मध, नाहीतर गडद तांबूस, आणि त्यावर तेलकट चकाकी. पातळ ढलपी उन्हासमोर धरली की कडेने उजेड आरपार दिसतो. वास टर्पेंटाइनचा, नाकात चढणारा. तपकिरी रंगावर एकट्यावर विसंबू नये, कारण कुजकं लाकूडही तपकिरी असतं. फक्त ते हलकं असतं आणि बोटांत चौकोनी तुकडे होऊन चुरतं. छिलूक हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं.

(दृश्य : बादलीत दोन तुकडे. एक तरंगतो, एक तळाला जातो.)

वाळलेलं साधं चिडाचं लाकूड तरंगतं. चिकाने गच्च भरलेला तुकडा बुडतो. पण ही परीक्षा वाळलेल्या तुकड्याची. ओढ्यात पडून पाणी प्यालेलं लाकूडही बुडतं, आणि ते तासभर फुंकलं तरी पेटणार नाही.

खुंट सापडला नाही तर गाठी शोधा. आडवं पडलेलं खोड पार कुजून माती झालेलं असतं, पण त्यात फांद्या जिथून फुटल्या होत्या ते खुट्टे शाबूत राहतात, शिंगासारखे टणक. पायाने माती सारली की हाताला लागतात. तोडायचं काही कामच नाही. खुंटाची मुळंही चांगली भरलेली असतात, पण त्यांच्यातली माती आणि खडे कुऱ्हाडीची धार घालवतात. आधी माती झाडून घ्यावी.

(दृश्य : करवत. ओंडक्यावर वळत गेलेल्या रेषा.)

चिडाच्या लाकडाचा पीळ कुप्रसिद्ध आहे. लांब ओंडका फोडायला गेलं की चीर वाकडी पळते, पातं अडकतं आणि निम्मं लाकूड वाया जातं. म्हणून आधी करवतीने पंधरा-वीस सेंटीमीटरचे ठोकळे करायचे, मग कडेकडेने फोडायचं. अंगठ्याएवढ्या काड्या पुरे. आठ दिवसांच्या पदभ्रमंतीला एक मूठभर ठोकळा भरपूर होतो. सगळा एकदम फोडून ठेवू नये. जितका जास्त पृष्ठभाग उघडा, तितकं टर्पेंटाइन लवकर उडून जातं. लागेल तेव्हा फोडावं.

(दृश्य : चाकूची पाठ, सालीच्या तुकड्यावर पडणारा पिवळा भुगा. ठिणगी. ज्योत.)

काडेपेटी असेल तर पेन्सिलीएवढ्या काडीच्या टोकाला चार-पाच पातळ छिलके उभे करा. पेटलेली आगकाडी खालून लावा, वरून नाही. फेरो रॉड (घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) असेल तर भुगा लागतो. चाकूची धार वापरू नका. पाठीचा काटकोनी कोपरा खरवडत न्या. चहाचा चमचाभर भुगा, तोही पसरलेला नको, ढीग हवा. कुरळे छिलके पडत असतील तर ते ठिणगीला जाड होतात, दाब कमी करा. थंडीत चीक कडक असतो, भुगा बारीक पडतो. दुपारच्या उन्हात तोच चीक मऊ होऊन पात्याला चिकटतो. भिजलेला तुकडा नुसता पुसून वरचा पापुद्रा काढला की पुरे, आत पाणी शिरलेलं नसतं.

आता काजळीचं. या ज्योतीवर थेट रोटी शेकू नये, कडू काळी होते. छिलूक फक्त काटक्या पेट घेईपर्यंत, मग जाळ साध्या लाकडाचा. मशाल करून धरायची असेल तर किंचित पुढे झुकती धरावी. पेटता चीक ठिबकतो आणि कातडीला चिकटून जळत राहतो.

(दृश्य : उभं हिरवं झाड. बुंध्याला कुऱ्हाडीने पोखरलेली खोल काळी खाच.)

आणि हे करू नका. जिवंत झाडाचा बुंधा कोरला की चीक जखमेत येतो, पुढच्या खेपेला आयतं छिलूक मिळतं, म्हणून तीच खाच दरवर्षी खोल होत जाते. मग वणवा येतो, भरलेली खाच मशालीसारखी जळते, आणि एका वाऱ्यात झाड आडवं. मेलेला खुंट शेजारीच असतो, त्याला फक्त थोडी जास्त मेहनत पडते.

(दृश्य : काळवंडलेला उतार. दूरवर धूर.)

उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा काळ धरतात. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यात वणव्याशी झुंजताना वनकर्मचारी मृत्युमुखी पडले. या महिन्यांत रानात विस्तव करूच नये. अभयारण्यातून काही उचलायचं नाही. बाकी रानात वनपंचायतीला (गावाच्या रानाचा कारभार बघणारी पंचायत) किंवा वनखात्याला विचारून. वनपंचायती 1931 पासूनच्या आहेत, सुक्या लाकडावर आधी गावाचा हक्क.

(दृश्य : चुलीजवळ चाकू पुसणारे हात.)

हाताचा चीक पाण्याने निघत नाही, उलट पसरतो. आधी मोहरीचं तेल चोळायचं, मग राख, मग पाणी. पात्यालाही तेच तेल चालतं.