स्वस्त पिस्तुलाचं पाणी

(दृश्य: मेळघाटाच्या पायथ्याचं तुरीचं शेत. धुऱ्यावर मचाण.)

अंजनगाव सुर्जी तालुक्यात तूर शेंगांवर आली की राखणदाराला रात्रीची झोप नसते. एकीकडून रोही येतात, दुसरीकडून रानडुकरं. मग शेकोटी पेटते, डबे वाजतात, फटाके फुटतात. एखाद्याच घरी परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक असते. तिचा हवेत नुसता बार काढला तरी कळप डोंगराकडे वळतो. जनावर मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

ही बंदूक शेतकऱ्याच्या हाती कायद्यानंच दिली. 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 13 मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद स्पष्ट लिहिलेली आहे. आमच्या मोठेबाबांकडे अशी बंदूक आहे, घोड्याखालच्या स्फोटक टोपीवर उडणारी.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. त्यावर पिस्तूल धरलेला हात.)

आणि हे चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं पिस्तूल माझ्या धाकट्या भावाचं. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतो. त्या राज्यात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला आहे, 1974 पासून. तिथल्या लोकांचं पाहून त्यालाही नाद लागला. शिकारीचा नव्हे, निशाण्यावर बार काढायचा. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यानं चकमकीच्या जुन्या हत्यारांना आणि त्यांच्या नकलांना आधुनिक बंदुकांच्या नियमांतून वगळलंय. राज्याराज्याचे नियम मात्र वेगळे, ते आधी पाहावे लागतात.

इटलीतल्या गार्दोने या गावच्या नकला नावाजलेल्या, पण महाग. भावानं घेतली ती स्वस्तातली. खोक्यावर देशाचं नाव पाहिलं तर भारत! अशा बऱ्याच नकला आपल्याच देशातून तिकडे जातात. पुष्कळदा त्यांच्या नळीला काना, म्हणजे आग आत जायचं बारीक भोक, पाडलेला नसतो; मग कागदोपत्री ती शोभेची वस्तू. काना तिथला बंदूकसाज पाडून देतो.

ते पिस्तूल चालतं कसं, ते बघा. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी. चाप ओढला की घोडा पोलादी पातीवर आदळतो, पात पुढे उलटते आणि ठिणग्या खालच्या वाटीत पडतात. वाटीत चिमूटभर बारीक दारू, तिला रंजक म्हणतात. रंजक पेटते, तिची आग कान्यातून नळीत शिरते आणि आतली दारू उडते. दारू काळीच हवी: सोरा 75 भाग, कोळसा 15, गंधक 10. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत घातली तर नळी फुटून हाताच्या चिंधड्या होतील.

नळीत आटे नाहीत, आतून साफ गुळगुळीत. तरीही 25 मीटरवर या पिस्तुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. अर्ध्या तासात 13 बार, त्यातले चांगले 10 मोजायचे. अस्सल जुन्या पिस्तुलांचा गट वेगळा, नकलांचा वेगळा. त्यामुळे नक्कल म्हणजे खेळणं, असं कोणी समजू नये.

आमच्या मुलखाला हे हत्यार परकं नाही. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला आणि 15 डिसेंबरला गाविलगडावर इंग्रजांचं पायदळ लढलं ते चकमकीच्या बंदुका घेऊनच. त्याच महिन्याच्या शेवटी सुर्जी अंजनगावला तह झाला. टोपीची बंदूक नंतरच्या काळातली.

(दृश्य: ओसरीवर मोठेबाबा, चष्मा कपाळावर, मोबाईल डोळ्यांशी.)

भावानं पाठवलेली चित्रफीत मोठेबाबांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन पाहिली. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढलाय, ठिणग्या पडतायत. पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "पातीले पाणी कमी देलं, बापू. ठिणगी लाल पडून राह्यली अन् लगेच इझून राह्यली."

मला वाटतं, स्वस्त नकलेबद्दल सांगण्यासारखं सगळं या दोन वाक्यांत आलं. चांगली पात पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या देते आणि त्या वाटीत पडून क्षणभर तडतडतात. स्वस्तातल्या पातीचं लोखंड मऊ असतं, वर कडकपणाचा नुसता पातळ थर. तो झिजला की गारगोटी पातीला खरवडते, पण ठिणगी पडत नाही. गावातला लोहार वखराच्या पासेला पाणी देतो, तसंच हे काम आहे. पात तापवून, वरचा थर कडक करून ती पुन्हा बसवता येते. विकत घेताना लाकडाची चकाकी आणि पितळेची नक्षी सगळे पाहतात. पाहायची ती पात. दुसरं पाहायचं तो काना: तो वाटीच्या काठाच्या पातळीत हवा. खाली गेला तर रंजकेत बुडतो, रंजक वातीसारखी जळत राहते आणि बार उशिरा होतो. तोवर नेम हललेला असतो. तिसरी गोष्ट नळीची. ती दाबाच्या चाचणीतून गेली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोठेबाबांनी फोनवर भावाला एकच प्रश्न केला. "नळी खाली हाये का भरेल, कसं समजते तुले?"

भाऊ गप्प. मग मोठेबाबांनी आपली बंदूक काढली आणि ठासायचा गज नळीत सोडला. ठण्ण. तळाचा आवाज. गजावर नळीच्या तोंडाशी एक खाच केलेली आहे. दारू आणि गोळी आत असली की खाच वर राहते, आवाजही बद्द येतो. एकदा भरलेल्यावर दुसऱ्यांदा भरणं किंवा गोळी दारूपर्यंत न ठासता मध्येच सोडणं, ठासणीच्या हत्यारात याहून वाईट चूक नाही.

(दृश्य: कोरी पाटी. निवेदन सावकाश.)

हे पाहून इथल्या कोणाला असं पिस्तूल मागवावंसं वाटेल, म्हणून सांगतो. तिकडची सूट इकडे चालत नाही. आपल्या कायद्यातली पिकाच्या राखणीची सवलत ठासणीच्या बंदुकीसाठी आहे, निशाणेबाजीच्या पिस्तुलासाठी नाही. बार काढणाऱ्या पिस्तुलाला रीतसर परवाना हवा. आणि शोभेच्या नकलेला घरी काना पाडणं हा कलम 6 खाली गुन्हा आहे, मग ती भिंतीवर कितीही वर्षं टांगलेली असो. निशाण्याचाच नाद असेल तर जिल्ह्याच्या नेमबाजी केंद्रात एअर पिस्तूल हाती घ्यावं. 10 मीटरवरचं ते काळं वर्तुळ माणसाचा पुरता कस पाहतं.

(दृश्य: मोबाईलवर भाऊ, मागे बर्फ.)

भावानं पात काढून बंदूकसाजाकडे दिलीय. गजावर खूण केलीय, ती त्यानं कॅमेऱ्याजवळ धरून दाखवली. बार काढून झाला की नळी त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवायची, नाहीतर काळ्या दारूची राख ओल धरून लोखंड खाते, हेही मोठेबाबांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. आणि पात परत येईपर्यंत दारू विकत आणायची नाही, असं बजावलं. तो म्हणाला, "नाही आणत, मोठेबाबा."