वॉल्टर टल : ‘पहिला’ हे बिरुद बाजूला ठेवून

वॉल्टर टलची ओळख करून देताना ‘पहिला’ हा शब्द हमखास येतो. इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू, ब्रिटिश लष्करातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. दोन्ही दावे टिकत नाहीत. गोलरक्षक आर्थर व्हॉर्टन टलच्या वीस वर्षं आधी पैसे घेऊन खेळत होता, आणि जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला १९१५ मध्येच तोफखान्यात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं होतं. ही बिरुदं काढून घेतली तरी टलचं काही जात नाही. नियम त्याच्या विरोधात असताना तो पुढे कसा गेला, तेवढंच आज पाहू.

जन्म २८ एप्रिल १८८८, केंटमधल्या फोकस्टनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटचीच. १८९५ मध्ये आई गेली, दोन वर्षांनी वडील. सावत्र आईला एवढ्या मुलांचं पोट भरणं जमेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात आले. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं आणि तो पुढे दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला आणि छपाईचं काम शिकला.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टनकडून खेळू लागला. हा हौशी संघ होता, म्हणजे पगार नाही. त्याच हंगामात क्लॅप्टननं एफए अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी संघांचा चषक, जिंकला आणि लंडनच्या टॉटनहॅम या व्यावसायिक क्लबचं टलकडे लक्ष गेलं. १९०९ मध्ये सही केल्याचे १० पौंड आणि आठवड्याला ४ पौंड पगार ठरला. त्या काळी कमाल पगाराची मर्यादाच ४ पौंडांची होती, म्हणजे पहिल्याच वर्षी त्याला वरचा दर मिळाला. पण व्यवस्थेची दुसरी बाजू विसरू नका : खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. क्लबनं सोडल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे, मग मुख्य संघात जागा मिळो वा न मिळो.

ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टलला प्रेक्षकांच्या एका गटानं त्याला रंगावरून शिव्या दिल्या. सामना पाहणाऱ्या वार्ताहरानं लिहिलं, की ती भाषा बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारापेक्षाही खालची होती, आणि मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीचा खेळाडू टलच होता. नंतर त्याची रवानगी राखीव संघात झाली. टॉटनहॅमकडून लीगचे सामने अवघे १०, गोल २.

ऑक्टोबर १९११ मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमननं त्याला नॉर्दॅम्प्टन क्लबकडे नेलं. हाच चॅपमन पुढे आर्सेनलमुळे गाजला. इथे टल आघाडीवरून मागे सरकून हाफ-बॅक झाला. त्या वेळच्या २-३-५ रचनेत (मागे दोन बचावपटू, मध्ये तीन हाफ-बॅक, पुढे पाच आघाडीवीर) हाफ-बॅकला दुहेरी काम : समोरच्याचा चेंडू तोडायचा आणि लगेच आपल्या आघाडीला पुरवायचा. पळण्यापेक्षा डोकं लागतं. माझ्या मते तो खरा बहरला तो इथेच. शंभरावर सामने त्याची साक्ष देतात.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तरी फुटबॉल थांबला नाही, आणि वर्तमानपत्रांनी खेळाडूंना भित्रे ठरवलं. यावर तोडगा म्हणून १५ डिसेंबरला फुलहॅम टाउन हॉलमध्ये मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी, म्हणजे ‘फुटबॉलर्स बटालियन’ उभी राहिली. शनिवारी क्लबसाठी खेळायला रजा मिळेल, अशी सवलत होती. टल त्याच महिन्यात दाखल झाला. साध्या शिपायाचा मूळ पगार दिवसाला १ शिलिंग, म्हणजे आठवड्याला ७. टॉटनहॅमला तो ८० शिलिंग घेत होता.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला पोहोचली. टल सार्जंट झाला. मे १९१६ मध्ये मनावर आघात होऊन तो इंग्लंडला परतला. शरद ऋतूत पुन्हा फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या आघाडीवर. डिसेंबरमध्ये ट्रेंच फीव्हर झाला. हा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो. नडग्या ठणकतात, आणि उतरलेला ताप साधारण पाच दिवसांनी पुन्हा चढतो, म्हणून माणूस कित्येक आठवडे कामाचा राहत नाही.

मग कमिशनचा प्रश्न. अर्जदार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ असावा, अशी अट होती. तरी वाट निघाली, कारण अधिकारी झपाट्यानं मरत होते. फेब्रुवारी १९१६ पासून आघाडीवर काम केलेल्या जवानांना कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीवर कॅडेट बटालियनमध्ये घेऊन सुमारे चार महिन्यांत तयार केलं जाई. टल स्कॉटलंडमधल्या गेल्सला शिकला आणि मे १९१७ अखेर सेकंड लेफ्टनंट झाला. आपल्याकडे त्याच वेळी मराठा पलटणीतला जुना सुभेदारसुद्धा काल आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली होता.

आता तो २३व्या मिडलसेक्समध्ये होता. ही दुसरी फुटबॉलर्स बटालियन इटलीला गेली. तिथली आघाडी पियावे नदीवर होती. ही नदी एका पात्रात वाहत नाही. गोट्यांच्या बेटांमधून तिचे फाटे फुटतात, आणि हिवाळ्यात पाणी बर्फासारखं. जानेवारी १९१८ च्या आरंभी एका रात्री त्यानं २६ जणांना पलीकडे शत्रूच्या हद्दीत नेलं आणि सगळ्यांना धडधाकट परत आणलं. मेजर जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि थंड डोक्याची लेखी दखल घेतली.

मार्चमध्ये तुकडी फ्रान्सला परतली. २१ तारखेला जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला आणि २५ला, बापोमजवळच्या फाव्रईपाशी माघार घेताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉस या क्लबचा माजी गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम त्याला उचलून आणू पाहत होता, पण जर्मन अगदी जवळ आले होते. देह तिथेच राहिला आणि जमीनही शत्रूकडे गेली. त्याची कबर नाही. नाव फ्रान्समधल्या आरास शहरातल्या स्मारकाच्या भिंतीवर आहे.