मेल आत्ता लिहा, जाऊ दे उद्या

(एका वाचनालयातल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. जीमेलमध्ये सेंडचं निळं बटण असतं ना, त्याला चिकटून उजवीकडे एक बारका बाण आहे, खाली तोंड केलेला. तो दाबला की शेड्यूल सेंड येतं, म्हणजे मेल आत्ता लिहून ठेवायचा आणि तो आपण ठरवलेल्या वेळी आपोआप जातो, आणि तीन आयत्या वेळा समोर येतात, उद्या सकाळी ८, उद्या दुपारी १, सोमवारी सकाळी ८, आणि त्याखाली आपल्याला हवी ती तारीख-वेळ टाकायची सोय. मोबाईलवर हेच वरच्या तीन टिंबांत दडलंय.

मघाशी पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, की अहो मेल क्षणात पोचतो हीच तर त्याची मजा, मग मुद्दाम लेट कशाला करायचा? बरोबर आहे काका, पण आपल्याला सुचतं रात्री अकराला आणि वाचणारा टेबलावर बसतो सकाळी दहाला. मधल्या वेळात तो मेल त्याच्या फोनवर टिंग करून त्याची झोप तरी मोडतो, नाहीतर सकाळपर्यंत इतर पन्नास मेलांच्या खाली गाडला जातो.

ही सोय जीमेलनं दिली १ एप्रिल २०१९ला, म्हणजे बरोबर पंधराव्या वाढदिवसाला. (जीमेल स्वतः आलं तेही १ एप्रिललाच, २००४ साली, आणि एक जीबी जागा फुकट म्हटल्यावर लोकांना तो एप्रिल फूलच वाटला होता.) त्याआधी लोक बूमरँगसारखी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी प्रोग्रॅम्स, वापरायचे, आणि मायक्रोसॉफ्टचं आउटलुक वापरणारे म्हणायचे आमच्याकडे डिले डिलिव्हरी कधीपासूनच आहे, तुम्ही आत्ता आलात.

पण आउटलुकवाल्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. जीमेलमध्ये शेड्यूल केलेला मेल गूगलच्या सर्व्हरवर जाऊन बसतो, तुमचा लॅपटॉप बंद असो नाहीतर पाण्यात पडलेला असो, तो जातोच. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये मात्र अकाउंट आयमॅप किंवा पॉपचं (ह्या मेल आणायच्या दोन पद्धती) असेल तर मेल तुमच्याच मशीनच्या आउटबॉक्समध्ये पडून राहतो, त्या वेळेला आउटलुक उघडं नसेल तर जात नाही, पुढच्या वेळी उघडलंत की मग सुटतो. ऑफिसचं एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचाच मेल सर्व्हर) अकाउंट असेल तर सहसा ही भानगड नसते. तुमचं कुठलं आहे ते आयटीवाल्याला एकदा विचारून घ्या, तो वैतागेल, पण सांगेल.

आणि ‘अर्ज सायंकाळी ५ पर्यंत ईमेलने पाठवावा’ असं असेल ना, तर ४:५९ला शेड्यूल करून ठेवायचा शहाणपणा नको. गूगल स्वतःच सांगतं की मेल ठरलेल्या वेळेनंतर काही मिनिटांनी जाऊ शकतो.

आता हिंजवडीवाले इथे बरेच दिसतायत, त्यांचं दुखणं टाइमझोनचं. जीमेल वेळ धरतं ती तुम्ही शेड्यूल करताना जिथे असता तिथली, समोरच्याची नाही. न्यू जर्सीच्या क्लायंटला सकाळी ९ला मेल पडायला हवा तर उन्हाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे ६:३० टाकायचे आणि हिवाळ्यात ७:३०, कारण ते मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं हलवतात आणि आपण ढिम्म हलत नाही.

बॉस लोकांचं वेगळंच. बॉसला वाटतं मी रात्री मेल टाकला म्हणून काय झालं, उत्तर सकाळी दिलंस तरी चालेल. पण हाताखालच्याला ते ‘चालेल’ दिसत नाही हो, त्याला फक्त ११:४० दिसतं. फ्रान्समध्ये ऑफिस सुटल्यावर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४मध्ये आला. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलंय, पण खासगी विधेयकांचं काय होतं ते तुम्हाला माहितीये. तोवर हा बारका बाण आहे. फक्त रविवारी रात्री लिहिलेले बारा मेल एकदम सोमवारी ८ला सोडू नका, नाहीतर माणूस चहाचा पहिला घोट घेतोय तोवर डोक्यावर वीट पडल्यासारखं होतं.

आता ज्यासाठी मी खरं तर आलोय ते. शेड्यूल केलेला मेल जातो सोमवारी, पण त्याला अक्कल असते शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही लिहिता, ‘साहेब, आमचं बिल अजून पेंडिंग आहे, तिसऱ्यांदा आठवण करतोय’, जरा तिखटच, आणि सोमवार ८ लावून घरी जाता. शनिवारी त्या माणसाचे पैसे जमा होतात, वर तो ‘उशिराबद्दल सॉरी’ असं त्याच थ्रेडवर लिहितो. मशीनला याचा पत्ताच नाही. सोमवारी ८ला तुमचं तिखट बरोब्बर त्या सॉरीच्या खाली जाऊन चिकटतं. समोरून उत्तर आलं म्हणून जीमेल तुमचा मेल थांबवत नाही, ते तुम्हीच थांबवायचं. डावीकडे शेड्यूल्ड नावाचा फोल्डर असतो, सकाळी उठल्यावर आधी तो बघायचा.

तसंच ‘उद्या भेटू’, ‘काल बोललो त्याप्रमाणे’ हे शेड्यूल केलेल्या मेलात येऊच द्यायचं नाही, सरळ तारीख लिहा. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर मधल्या वेळात कोणी फाइल बदलली की समोरच्याला बदललेलीच दिसणार. आणि एक खास सापळा सांगतो, स्वल्पविराम नीट करायला तुम्ही शेड्यूल्डमधला मेल उघडता, कॅन्सल सेंड दाबता, मेल ड्राफ्टमध्ये येतो, स्वल्पविराम होतो, आणि मग? परत शेड्यूल करायचं राहूनच जातं आणि मेल ड्राफ्टमध्ये कुजत पडतो, तुम्ही मात्र निवांत, की गेला असेल.

वाढदिवसाचे मेल वर्षभराचे शेड्यूल करणारेही भेटतात. जीमेलमध्ये एका वेळी १०० मेल असे रांगेत लावता येतात, म्हणून लावायचेच असं नाही ना. ऑक्टोबरसाठी तुम्ही जानेवारीत लिहिलंत ‘काका, शंभरी गाठा’, आणि काका ऑगस्टमध्ये गेले तर तो मेल त्यांच्या मुलीच्या फोनवर वाजणार. माझं स्पष्ट मत, शुभेच्छा आणि सांत्वन या दोन गोष्टी शेड्यूल करायच्या नाहीत, त्या दिवशी आठवलं तर लिहा, नाही आठवलं तर दुसऱ्या दिवशी फोन करा.

हां, मागून प्रश्न आला, समोरच्याला कळतं का शेड्यूल केलेलं? मेलवर तसं काही लिहून येत नाही, वेळ पडते ती सुटल्याची. पण रोज तुमचा मेल बरोब्बर ८:००ला पडायला लागला तर लोक काही खुळे नाहीत, आयती वेळ सोडा आणि आपली टाका, ८:१२, ९:०७ अशी काहीतरी.