डावी भिंत अजून ओली आहे

(अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी चीफ्स या संघाच्या २०२५ च्या हंगामातल्या ऑफेन्सिव्ह लाइनविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चीफ्सचं यंदा काय होणार हा विषय निघाला की गप्पा चेंडू फेकणाऱ्या म्हणजे क्वार्टरबॅक महोम्सच्या हातापासून सुरू होतात आणि तो झेलणाऱ्या केल्सीच्या वयाशी येऊन थांबतात. आज त्या दोघांना जरा बाजूला बसवू. चेंडू हलण्याआधी खाली वाकून उभे असतात, त्या पाच जणांबद्दल बोलू. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. कबड्डीत वाढलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. तिथे टॅकल म्हणजे पकड. इथे टॅकल म्हणवणाऱ्यानं कोणाला कवेत धरलं, तर होल्डिंग लागतं आणि संघ १० यार्ड मागे जातो. पकडायचं नाही, फक्त अडवायचं. तेही तळहातांनी, समोरच्याच्या छातीवर, आपल्या कोपरांना फाकू न देता.

वाद कशाचा आहे ते आधी मांडतो. गेल्या हंगामात महोम्स ३६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा आकडा. मग फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ईगल्सनी त्याला आणखी ६ वेळा पाडलं आणि सामना ४०-२२ असा नेला. त्या दिवशी ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, जादा माणसं अंगावर धाडली नाहीत. म्हणजे चार जण धावून आले, उरलेले सात पास अडवायला मागे राहिले, आणि त्या चौघांना आपले पाच पुरे पडले नाहीत. यात कसली चतुराईची खेळी नव्हती. समोरासमोरची कुस्ती होती आणि ती आपण हरलो.

त्यानंतर संघानं काय केलं? मार्चमध्ये डावा गार्ड जो थुनी बेअर्सकडे गेला, बदल्यात २०२६ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, चौथ्या फेरीची एक निवड मिळाली. फॉर्टी-नायनर्सकडून टॅकल जेलन मूर आला, दोन वर्षांसाठी ३ कोटी डॉलरवर. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये एक जागा मागे सरकून ३२ व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतला. गंमत म्हणजे ती एक जागा विकत घेणारे ईगल्सच होते. उजवा गार्ड ट्रे स्मिथला जुलैत चार वर्षांचे ९ कोटी ४० लाख देऊन बांधून ठेवलं. म्हणून आज डावीकडून उजवीकडे रांग अशी दिसते: सिमन्स, किंग्सली सुआमटाया, क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ, जवान टेलर. मूर बाहेर बसून राखीव.

आशावादी मंडळींचं म्हणणं साधं आहे. लेफ्ट टॅकलचं भोक होतं, ते पहिल्या फेरीतल्या खेळाडूनं बुजवलं. आता काळजी कशाला? मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण सिमन्स वाईट आहे हे नव्हे. उलट, त्याचे पाय या ड्राफ्टमधल्या सगळ्या टॅकलांत सरस होते. माझी हरकत वेगळी आहे. ऑफेन्सिव्ह लाइन पाच जागांची नसते, चार सांध्यांची असते. टॅकल आणि गार्ड, गार्ड आणि सेंटर, आणि हेच दुसऱ्या बाजूला. कबड्डीतल्या साखळीसारखंच आहे हे. हात सुटतो तो दोघांच्या मधे.

सांधा म्हणजे नेमकं काय, ते पाहा. समोरच्या संघाचा मधला भिडू आडवा धावत टॅकलवर आदळतो आणि टोकाचा भिडू त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत घुसतो. याला स्टंट म्हणतात. आता टॅकल आपल्याच माणसामागे आत वळला, तर दोघे एकमेकांवर आपटतात आणि एक जण मोकळा सुटतो. बरोबर पद्धत अशी की गार्डनं आपल्या माणसाला खांद्यानं ढकलत टॅकलच्या हवाली करायचं, आणि नजर आधीच बाहेरून येणाऱ्याकडे वळलेली हवी. टॅकलनं त्या क्षणी गार्डच्या रेषेतच उभं असायला हवं. तो दीड हात मागे असला, तर मधे दार उघडतं. या अदलाबदलीला अर्धा सेकंद मिळतो. ओरडून सांगायला तेवढा पुरत नाही. शेजाऱ्याच्या कंबरेचा कल पाहून कळावं लागतं, आणि ते शेकडो स्नॅप, म्हणजे सेंटरनं चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव, एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही.

त्यात लीग आणि खेळाडू यांच्यातल्या सध्याच्या कामगार करारानं सराव आखडला आहे. हंगाम सुरू झाल्यावर पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात. पॅडशिवाय पाऊल शिकवता येतं, धक्का पचवणं शिकवता येत नाही. म्हणून आजकाल नव्या लाइन सप्टेंबरात कच्च्या असतात आणि जमल्याच तर नोव्हेंबरात जमतात.

आता थोडं मागे जाऊ. ७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा. बकनीअर्सनी ३१-९ असं हरवलं. महोम्सवर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलचा तो विक्रम ठरला. दोन्ही टॅकल जायबंदी होते: एरिक फिशरची टाचेमागची कंडरा आदल्याच सामन्यात तुटलेली, मिचेल श्वार्ट्झ पाठीनं बेजार. तिसरा मोहरा लोरां डुवर्ने-टार्डिफ, शिकलेला डॉक्टर, कोविडमुळे ते पूर्ण वर्ष खेळ सोडून मॉन्ट्रिअलकडे रुग्णसेवेत होता. दुखापती कोणाच्या हातात नसतात. पण नंतरची फिरवाफिरव पाहा. उजवा टॅकल रेमर्स डावीकडे नेला आणि त्याच्या जागी गार्ड वायली आणला. त्या एका हलवाहलवीत उजवी बाजूही मोडली.

गेल्या वर्षी पुन्हा तेच घडलं. लेफ्ट टॅकलवर आधी सुआमटाया, दुसऱ्या सामन्यात बेंगल्सच्या हेंड्रिक्सननं त्याला हैराण केल्यावर वान्या मॉरिस, मग डिसेंबरात डी. जे. हम्फ्रीज, आणि तोही एका सामन्यात मांडी धरून बसल्यावर जो थुनी. थुनी त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम लेफ्ट गार्ड. त्याला टॅकलवर नेलं आणि गार्डवर राखीव कॅलिएंडो आला. टॅकलची जागा जेमतेम सावरली, पण गार्डची गेली आणि सेंटर-गार्डचा सांधाही गेला. न्यू ऑर्लिन्सला ईगल्सनी याच ठिकाणी घाव घातला.

या दोन पराभवांच्या मधे काय होतं, तेही सांगायला हवं. २०२१ मध्ये पाचही जागांवर नवी माणसं उभी केली आणि २०२२, २०२३ च्या हंगामांत लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. त्या काळात लेफ्ट टॅकल बदलत होता. आधी ऑर्लँडो ब्राउन, मग डोनोव्हन स्मिथ. सहसा बदलत नव्हते ते मधले तिघे: थुनी, हम्फ्री, ट्रे स्मिथ. टोकाचा माणूस उन्नीस असला तरी चालतं. टोकाशी उभा राहणारा टाइट एंड जाता जाता शेजारच्याला एक ठोसा देतो, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक थांबून मदत करतो, महोम्स पुढे सरकून पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमागच्या सुरक्षित जागेत, शिरतो. पण पुढे सरकायला मधली भिंत जागेवर असावी लागते. आत फुटली की क्वार्टरबॅकला पाऊल टाकायला जमीनच उरत नाही.

म्हणून माझ्या मते यंदाची खरी परीक्षा सिमन्सची नाही, सुआमटायाची आहे.

हा पोरगा २०२४ चा दुसऱ्या फेरीतला, टॅकल म्हणूनच घेतलेला. त्याला आता गार्ड केलाय. लोक म्हणतात आतली जागा सोपी. सोपी नाही, वेगळी आहे. टॅकलच्या समोर अंतर असतं. तो किक-स्लाइड करत, म्हणजे बाहेरचा पाय मागे ओढत आणि आतला घसटत, सेकंदभर अंदाज घेऊ शकतो. गार्डच्या नाकासमोर हातभर अंतरावर दीडशे किलोचा माणूस असतो. स्नॅप होताच धडक. तिथे उंच राहिलं की संपलं. सुआमटाया साडेसहा फुटांच्या आसपास आहे, आणि उंच माणसाची कंबर खाली ठेवणं हेच त्याचं रोजचं दुखणं. त्यानं आधी हात टाकला तर समोरचा तो झटकून बाजूनं जातो. उशिरा टाकला तर छातीत धक्का बसून तो क्वार्टरबॅकच्या मांडीत जाऊन बसतो. धावण्याच्या खेळात मात्र मला त्याच्याकडून बरंच हवं आहे. हम्फ्रीसोबत दोघांनी मिळून समोरच्या मधल्या एका भिडूला उखडायचं आणि मग एकानं सुटून त्याच्यामागच्या फळीतल्या लाइनबॅकरवर जायचं, या कामाला त्याचं वजन आणि पाय दोन्ही जुळतात. सुटण्याची वेळ तेवढी चुकते. लवकर सुटला तर पहिलाच माणूस मोकळा, उशीर केला तर लाइनबॅकर भोकात येऊन उभा.

शेजारी हम्फ्री आहे हे त्याचं नशीब. लीगमधला सर्वोत्तम सेंटर, डावखुरा, आणि कोणाला कोणी घ्यायचं ही हाक तोच देतो. गोंगाटाच्या मैदानावर हाक ऐकू येत नाही. तेव्हा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा पाहतो आणि सेंटरला थाप मारून कळवतो. सेंटर डोकं हलवतो, मग चेंडू. या तालात नवा माणूस एक ठोका पुढे गेला की फॉल्स स्टार्ट आणि ५ यार्ड मागे.

सिमन्सकडे येतो. १२ ऑक्टोबर २०२४ ला ओरेगनविरुद्ध त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा फाटली. म्हणूनच तो ३२ व्या क्रमांकापर्यंत उरला. सरावात आता पहिल्या चमूबरोबर तोच उभा राहतो आहे, आणि दहा महिन्यांत हे मोठंच. पण ही कंडरा वाटीला नडगीशी बांधते, आणि टॅकलचा धंदाच अर्ध्या बैठकीत उभं राहण्याचा. समोरचा सरळ छातीत घुसला की टॅकल टाचा रोवतो, नितंब खाली टाकतो आणि तो सगळा भार याच दोरीवर येतो. म्हणून त्याचे पाय किती चपळ दिसतात हे पाहू नका. चौथ्या क्वार्टरमध्ये, साठाव्या स्नॅपला, तो तेवढाच खाली बसतो का ते पाहा. थकलेला गुडघा माणसाला उभा करतो, आणि उभा टॅकल म्हणजे उघडं दार.

उजवीकडच्या टेलरबद्दल थोडक्यात. पास अडवण्यात तो बरा आहे, पण दंडांचा धनी आहे. २०२३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक दंड त्याच्याच नावावर. तो रेषेपासून फार मागे उभा राहतो, आणि नियम सांगतो की त्याचं हेल्मेट सेंटरच्या कंबरेच्या रेषेला तरी छेदायला हवं. मागे उभं राहिल्यानं अर्धं पाऊल फुकट मिळतं, पंच जागा असला तर ५ यार्ड जातात. रेडर्सचा मॅक्स क्रॉस्बी बहुतेक वेळ त्याच्याच समोर येतो, त्यामुळे तो पुढे सरकेल ही आशा सोडा.

आता वेळापत्रक. ५ सप्टेंबरला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला चार्जर्स, पुढच्या आठवड्यात घरी ईगल्स, मग जायंट्स, रेव्हन्स, जॅग्वार्स, लायन्स. पहिल्या सहांत श्वास घ्यायला जागा नाही. ईगल्सचा जेलन कार्टर आतून येतो, म्हणजे सुआमटाया आणि हम्फ्रीच्या सांध्यावर. जायंट्सचे बर्न्स आणि नवा अब्दुल कार्टर टोकांवरून. पुढे ब्रॉन्कोस दोनदा, ज्यांनी गेल्या वर्षी ६३ सॅक केले, लीगमध्ये सर्वाधिक.

चार्जर्सचं उदाहरण तर ताजं आहे. त्यांचा लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटर जुलैअखेर ११ कोटी ४० लाखांचा करार करून बसला आणि दोन आठवडे व्हायच्या आत सरावात त्याची हीच, वाटीखालची कंडरा तुटली. हंगाम संपला. त्यांनी उजव्या टोकाचा जो ऑल्ट डावीकडे आणला. ऑल्ट कॉलेजात डावीकडेच खेळलेला, त्यामुळे ते कदाचित निभावतील. पण उजवीकडे आता दुसराच माणूस आहे. भोक एक होतं, हलल्या दोन जागा.

चीफ्सना हे टाळता येईल का? सामन्याच्या दिवशी ४८ खेळाडू सज्ज ठेवता येतात, पण त्यांत किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील तरच, नाहीतर ४७. म्हणजे पाच खेळणारे आणि तीन राखीव. त्यातला मूर हा माझ्या हिशोबी यंदाचा सर्वांत शहाणपणाचा खर्च. बहुतेक लोक म्हणतात, राखीव माणसाला ३ कोटी? पण त्या पैशांतून हे मिळतं की सिमन्सचा गुडघा कुरकुरला, तर सिमन्स बाहेर आणि मूर आत, बाकी चौघे जागच्या जागी. हीच सोय गेल्या वर्षी नव्हती. गार्डसाठी मात्र अशी सोय अजून दिसत नाही. सुआमटाया पडला तर पुन्हा कॅलिएंडो. आणि सिमन्स व मूर दोघेही गेले तर मोह होईल सुआमटायालाच परत टॅकलवर न्यायचा. मुख्य प्रशिक्षक अँडी रीड स्वतः ब्रिगहम यंग विद्यापीठाचा लाइनमन, लाइनचा प्रशिक्षक अँडी हेक २०१३ पासून ही रांग घडवतो आहे. दोघांनाही हे माझ्याहून शंभरपट कळतं. तरीही दोनदा हा मोह त्यांना आवरला नाही.

माझा अंदाज विचाराल तर: सप्टेंबरात सॅक वाढतील, धावणं सुधारेल, आणि लायन्सच्या सामन्यापर्यंत रांग हीच राहिली तर ही लाइन गेल्या वर्षीपेक्षा चांगली ठरेल. साओ पाउलोचा सामना पाहताना स्नॅपनंतर पहिला सेकंद चेंडूकडे पाहू नका. सेंटरच्या डाव्या खांद्याकडे पाहा. तिसऱ्या डाउनला, म्हणजे १० यार्ड गाठायच्या चारांतल्या तिसऱ्या प्रयत्नाला, आठ-दहा यार्ड हवे असतील तेव्हा चार्जर्स स्टंट आणणारच. तेव्हा सिमन्स आणि सुआमटाया एका रेषेत आहेत की एक पुढे, एक मागे, एवढंच टिपा.