फुकटच्या विजेचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीत मी विजेवर चालणारी गाडी आणली, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा आला नाही. समोरच्या काकांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हणजे आता फुकट चार्जिंग करायचं आणि भाडं मारायचं, असंच ना?"

मी नुसता हसलो. पण खरं सांगतो, मनात तेच होतं. मी पेशानं हिशेबनीस, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात. पगार बरा आहे, पण मुलगी इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे तो बरा कुठवर पुरतो हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे पाच ते नऊ आणि रविवार, एवढा वेळ माझ्या हातात. गाडी दारात, वीज कुणाची तरी फुकट, भाडं माझं. कागदावर याहून सुंदर धंदा नाही.

म्हणून पहिले दोन महिने मी फुकटच्या प्लगमागे हिंडलो. शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात ग्राहकांसाठी एक पॉइंट होता. साधा, सावकाश चालणारा, ३.३ किलोवॉटचा. म्हणजे तासाला फार तर ३.३ युनिट. मी गाडी लावायचो आणि आत बसून पेपर वाचायचो. चौथ्या दिवशी गार्ड काचेवर टकटक करून म्हणाला, "भिया, ये तो शॉपिंग वालों के लिए है." मग मी रोज काहीबाही विकत घ्यायला लागलो. उदबत्त्या घेतल्या, नको असलेली लसणाची शेव घेतली, एकदा तर कंगवा घेतला. माझ्या डोक्याकडे पाहिलंत तर तो किती निरुपयोगी होता ते कळेल. सौ. म्हणाली, "तुमची वीज फुकट असेल, पण तिच्याबरोबर जे घरात येतंय ते फुकट नाही."

त्या रात्री मी वही काढली. आता तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या, आकडे सोपे आहेत.

माझी गाडी छोटी, बॅटरी २४ युनिटांची. १०० किलोमीटरला बॅटरीतून साधारण १२ युनिट जातात. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर १४ धरा. घरच्या विजेचा दर सगळं मिळून सात रुपये धरला, तर १०० किलोमीटरला ९८ रुपये. आधीची पेट्रोलची गाडी लिटरला १६ जायची. पेट्रोल १०६ रुपये धरलं, तर त्याच १०० किलोमीटरला ६६२ रुपये.

म्हणजे साडेपाचशेच्या वर रुपये मी घरच्या प्लगपाशीच वाचवले होते. फुकटच्या प्लगची कमाई फक्त उरलेल्या ९८ रुपयांची. आणि ती किती वेळात? तासाला ३.३ युनिट, गुणिले सात. तेवीस रुपये. तळघरात बसून मी तासाला तेवीस रुपये मिळवत होतो! छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत पोहे-जिलेबीची एक प्लेट घेतली तर संपले.

ही हाव काही एकट्या माझीच नव्हे बरं का. अमेरिकेत टेस्ला कंपनीनं सुरुवातीच्या गाड्यांना आपल्या जलद चार्जरवर आयुष्यभर वीज फुकट दिली होती. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला वाटेत धीर असावा, हा हेतू. लोकांनी काय केलं? त्याच गाड्या टॅक्सीला लावल्या आणि दिवसभर चार्जर अडवून ठेवले. एका महाभागानं तर डिकीत संगणक बसवून फुकटच्या विजेवर बिटकॉइन, म्हणजे संगणकावरचं आभासी चलन, काढायला घेतले. शेवटी कंपनीनं नियम केला, की १५ डिसेंबर २०१७ नंतर घेतलेली गाडी टॅक्सीसाठी किंवा मालवाहतुकीसाठी वापरायची असेल, तर तिनं या चार्जरवर यायचं नाही. आपल्याकडेही कंपन्या गाडी खपवायला फुकट चार्जिंग देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीची विंडसर ही विजेची गाडी आली, तेव्हा पहिलं एक वर्ष सार्वजनिक चार्जरवरचं चार्जिंग फुकट होतं. अशी सवलत मिळाली तर जरूर घ्या. पण धंद्याचं गणित तिच्यावर उभारू नका, आणि अटींचा कागद भिंग लावून वाचा.

आता ज्या आकड्याकडे कुणी बघत नाही, तो आकडा. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी असते. टॅक्सीला ती कमीही असू शकते, विचारून घ्या. माझी गाडी रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख झाले. एवढं अंतर पळवून विकताना लाखभर आले असं धरू. आठ लाख भागिले एक लाख साठ हजार. पाच रुपये. प्रत्येक किलोमीटरला पाच रुपयांची गाडी झिजते, आणि वीज जळते एक रुपयाची. आपण तो एक रुपया वाचवायला शहरभर हिंडतो, आणि हिंडताना पाच-पाच रुपये रस्त्यावर सांडतो. हे गणित मांडल्यावर मी त्या तळघराकडे फिरकलो नाही. गार्डाला मात्र चुकल्यासारखं झालं असेल.

तोवर मी एकही भाडं मारलं नव्हतं, त्याचं कारण आमचे मेहुणे. ते विम्याचं काम करतात. ऑफिसातल्या एकानं मला पहाटे विमानतळावर सोडायचे पैसे देऊ केले होते, ते मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दाजी, पाटीवरची अक्षरं कुठल्या रंगाची आहेत?"

विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते हे सगळ्यांना दिसतं. पण खाजगी गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात आणि भाड्याच्या गाडीच्या पाटीवर पिवळी. माझी पांढरी होती. पांढऱ्या अक्षरांवर भाडं घेतलं आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते. खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसतच नाही. भाच्याला स्टेशनवर सोडणं वेगळं आणि पैसे घेऊन परक्याला सोडणं वेगळं.

मग नायता मुंडल्याच्या आरटीओत खेटे घातले. त्यातही दोन गोष्टी सुखाच्या निघाल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना परमिटमधून सूट दिली आहे, त्यामुळे टॅक्सीचं परमिट काढावं लागत नाही. नोंदणी, फिटनेस आणि विमा मात्र भाड्याच्या गाडीचाच हवा. दुसरी गोष्ट, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं, की साध्या चारचाकीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं भाड्याचं वाहन चालवता येतं. माझं लायसन्स तेच, कॉलेजात असताना काढलेलं. फोटोत केस आहेत.

विमा महागला, ते हिशेबात धरायलाच हवं. पण पिवळी अक्षरं लागली आणि भाडी सुरू झाली.

सगळ्यात सोपं भाडं विमानतळाचं. आमच्याकडून बारा-तेरा किलोमीटर. पहाटेच्या पुण्या-मुंबईच्या विमानाला जाणारी ओळखीची मंडळी असतात, साडेतीनशे रुपये मी घेतो. येताना गाडी रिकामी, म्हणून दोन्ही बाजूंचे पंचवीस किलोमीटर, गुणिले सहा (झीज पाच, वीज एक), दीडशे रुपये खर्च. तासाभरात हातात दोनशे उरतात. तळघरातले तेवीस आठवा.

उज्जैन मला मनापासून आवडतं. जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर, गावातलं घेणं-सोडणं धरून सव्वाशे. एका चार्जमध्ये निवांत. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिराभोवतीचा महाकाल लोक परिसर सुरू झाल्यापासून गर्दीला तोटा नाही, आणि २०२८ चा सिंहस्थ पुढे उभाच आहे. महाकालाच्या पहाटेच्या भस्मारतीचं भाडं असलं की रात्री एकला निघायचं. एरवी घासाघीस करणारी माणसं त्या वेळी फार शांत असतात. मागे बसलेल्या काकू हळू आवाजात रामरक्षा म्हणतात, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येतो. एकदा त्यांनी मधेच थांबून विचारलं, "गाडी बंद तर नाही ना पडली?" या फेरीचे अठराशे. वीज सव्वाशे रुपये, झीज सव्वासहाशे, टोल वेगळा. हजाराच्या आसपास उरतात, पण त्यासाठी रात्र द्यावी लागते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तर डोळे पेंगतात. म्हणून भस्मारती फक्त शनिवारी रात्री.

ओंकारेश्वरला मी आधी घाबरायचो. सिमरोल सोडलं की भेरूघाट उतरायचा, आणि परतताना तोच घाट चार माणसं घेऊन चढायचा. चढावर पडद्यावरचा किलोमीटरचा आकडा असा भराभर घसरतो, की घशाला कोरड पडते. घरी येऊन हिशेब केला. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, नर्मदाकाठ दोनशेच्याही खाली. दीड टनाचं ओझं साडेतीनशे मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राच्या नियमानं दीड युनिट लागतात. मोटरचा तोटा धरून पावणेदोन. म्हणजे सपाटीवरचे चौदा-पंधरा किलोमीटर, बस! शिवाय जाताना उतारावर पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि त्यातलं बरंचसं आधीच बॅटरीत परत आलेलं असतं. तरी एकशे साठ किलोमीटर, उन्हाळा, एसी आणि मागच्यांची "अजून थंड करा ना" ही मागणी. म्हणून मी बडवाहला चहाला थांबतो तेव्हा बॅटरी बघतो आणि गरज पडली तर वाटेतल्या जलद चार्जरवर पंधरा मिनिटं लावतो. तिथे युनिटला घरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट पैसे पडतात, वर १८ टक्के जीएसटी. तो खर्च मी आनंदानं करतो. भाडं रस्त्यात अडकण्यापेक्षा ते स्वस्त.

ज्यांना गाडी चालवायचा कंटाळा आहे पण जागा मोक्याची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयानं खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे. त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही. चार्जिंग पॉइंट कुणीही लावू शकतो. फक्त घरगुती जोडणीवर धंदा करू नका, वीज कंपनीच्या पोलोग्राउंडच्या ऑफिसातून त्यासाठी वेगळी जोडणी घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीसाठीसुद्धा मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, चांगलं अर्थिंग. खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत सोडलेले मी पाहिलेत, छातीत धडकी भरते.

एवढं सगळं झाल्यावर या वर्षी मी गच्चीवर तीन किलोवॉटची सौर पॅनेलं बसवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते वजा जाता माझ्या खिशातून लाखभर गेले. दिवसाला सरासरी बारा युनिट येतात, महिन्याला साडेतीनशे. मी महिन्याला हजार किलोमीटर चालवतो, त्याला १४० लागतात. दिवसा वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जाते, रात्री गाडी ती परत घेते, मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो. श्रावणात आभाळ भरलं की उत्पन्न आटतं, तेव्हा बिल येतं. आपल्या महापालिकेनंही हेच केलंय की. जलूदहून नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेचं बिल परवडेना, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढून ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. माझा तीन किलोवॉटचा, त्यांचा साठ मेगावॉटचा, दुखणं एकच.

समोरचे काका पॅनेलं बघायला गच्चीवर चढून आले होते. म्हणाले, "आता तरी झाली ना वीज फुकट?" मी म्हटलं, "काका, लाख रुपये घातलेत, सात रुपयांच्या दरानं ते चार वर्षांत फिटतील. तोवर उधारीची." त्यांना ते पटलं नाही. पॅनेलवर हात ठेवून बघितला, चटका बसला.

माझ्या त्या जुन्या वहीत 'फुकट' असा एक रकाना आहे. तो मी खोडलेला नाही. गेल्या महिन्यात त्यात एकच नोंद पडली: एका लग्नाला गेलो होतो, तिथल्या हॉटेलवाल्यानं आपणहून गाडी चार्जिंगला लावून दिली, अकरा युनिट. सत्त्याहत्तर रुपये वाचले. त्याच्या माणसाला मी शंभराची नोट दिली, सुटे नव्हते.