सही कुणाची?

(मुंबईत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘एसआयपी की शेअर?’ एसआयपी म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता भरणं. बोलणार आहे त्यावर. पण आधी सांगा, मुंजीत, दिवाळीत, दहावीच्या निकालाला मिळालेली पाकिटं आईने ‘ठेवून देते’ म्हणून घेतली होती, ती कुठे आहेत? हसू नका, मागच्या रांगेत आया बसल्यात. फ्रिजच्या हप्त्यात गेली असतील तर घरातच गेली, तक्रार नाही. मात्र त्या पैशांवर तुमची सही नव्हती.

सहीवरून माझी लाडकी गोष्ट. १८९५ साली कलकत्त्यात धर्मोदास घोष नावाच्या मुलाने ब्रह्मो दत्त या सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली. करार २०,००० रुपयांचा, व्याज १२ टक्के. मुलगा अज्ञान होता. अज्ञान म्हणजे वयाने लहान. मार्कांशी संबंध नाही. गंमत अशी की, सावकाराचा व्यवहार बघणाऱ्याला मुलाच्या आईच्या वकिलाने त्याचं वय पत्राने आधीच कळवलं होतं. तरी यांनी सही घेतलीच! पुढे मुलगा आईमार्फत कोर्टात गेला, करार रद्द करा म्हणाला. खटला चालता चालता सावकार वारला, त्याच्या जागी मोहरी बीबी लढत राहिली. १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला: अज्ञान मुलाचा करार मुळातच शून्य. दिलेली रक्कमही सावकाराच्या घरी परत आली नाही. तुम्हाला स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड का मिळत नाही, कळलं? तुमच्या सहीवर उधार दिलेलं वसूल होत नाही. (जाता जाता: आपला सज्ञानतेचा कायदा १८७५चा आणि दलाल स्ट्रीटचा शेअर बाजारही १८७५चाच.)

कर्जाला तुमची सही चालत नाही, बचतीला चालते. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत आणि मुदत ठेवीचं खातं स्वतः उघडू द्या, चालवू द्या, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये बँकांना पुन्हा सांगितलं. रकमेची मर्यादा ज्या त्या बँकेची. पोस्टातही दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने खातं उघडू शकतं. आधार, फोटो, जन्माचा दाखला आणि ५०० रुपये घेऊन जा.

पोस्टात तारखा सांभाळायच्या. बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. १० तारखेला पैसे भरलेत तर त्या महिन्याचं व्याज लागू. ११ला भरलेत तर महिना फुकट. २८ तारखेला बुटांसाठी २,००० काढलेत, तर त्या २,०००वरचं अख्ख्या महिन्याचं व्याज गेलं. तीच खरेदी १ तारखेला करा.

आरडी, म्हणजे दरमहा हप्ता भरायची आवर्ती ठेव, महिना १०० रुपयांपासून, मुदत पाच वर्षं. खातं १५ तारखेच्या आत उघडलंत तर पुढचा प्रत्येक हप्ता १५च्या आत. १६ला किंवा नंतर उघडलंत तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. पॉकेटमनी उशिरा मिळणाऱ्यांनी मुद्दाम १६नंतरच जावं. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिना १ रुपया दंड. चार चुकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करावं लागतं. ६.७ टक्के दराने महिना ५०० भरलेत, तर ३०,०००चे साधारण ३५,६८० होतात. मात्र मुदतीआधी मोडायची असेल तर तीन वर्षं थांबा, आणि तेव्हाही व्याज बचत खात्याच्याच दराने. बारावीच्या क्लासची फी यात अडकवू नका.

...अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. आठ मिनिटं? बरं, एसआयपी.

अठराच्या आत म्युच्युअल फंड फक्त तुमच्या एकट्याच्या नावाने, पालक आई किंवा बाबा. जोडनाव नाही, नामनिर्देशन नाही. हप्ता पालकांच्या खात्यातून चालतो, पण विकल्यावरचे पैसे तुमच्याच खात्यात येतात. म्हणून आधी बँक खातं. शक्यतो डायरेक्ट, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंडाकडून मिळणारी योजना घ्या, मधलं कमिशन वाचतं. तीन वर्षांत लागणारा पैसा इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात नको. नफा करासाठी सहसा आईबाबांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात मोजतात, त्यांना आधी सांगा. नाचगाण्याच्या कलेतून तुम्ही स्वतः कमावलेलं मात्र तुमचंच धरतात.

शेअर? पालकांमार्फत तुमच्या नावाने डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं निघतं. इंट्राडे (त्याच दिवशी घ्या-विका) आणि वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद. ‘मग बाबांच्या लॉगिनवरून करतो’ म्हणणारे या हॉलमध्ये आहेत, मला माहितीय. तिथे सही बाबांची, तोटाही बाबांचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदेबाजारातल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला, हे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४मध्ये जाहीर केलं.

दोन मिनिटं... अठरावा वाढदिवस झाला की एसआयपी थांबते. पॅन, केवायसी (ओळखीची पडताळणी) करा, बँकेत सज्ञान म्हणून नोंद करून नवी सही द्या, ती बँकेकडून साक्षांकित करून फंडाचा फॉर्म भरा. तोपर्यंत पैसे काढताही येत नाहीत. आणि पॅनवर, बँकेत, फंडात सही एकसारखी ठेवा. नावाखाली मोराच्या पिसाऱ्यासारखे फराटे आज हौसेने मारता, ते अठराव्या वर्षी तसेच जमत नाहीत आणि फॉर्म परत येतो. खुर्च्या उचलायला मंडळी आलीच आहेत, उरलेले प्रश्न बाहेर जिन्यात घेऊ.