पोती, रील आणि अकरा माणसं

(लातूरला कॉलेजच्या पोरापोरींसमोर बोललो ते, जरा साफसूफ करून.)

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? आमचं आयुष्य साउंडवाल्याशी भांडण्यात गेलंय म्हणून आधी ते विचारतो.

मला विषय दिलाय, रॉक बँड इंटरनेटवर स्वतःची जाहिरात कशी करतो. मी बेस वाजवतो आणि बँडचा फोन माझ्याकडे असतो, म्हणजे पोस्ट टाकणं, मेसेजला उत्तरं देणं, शिव्या खाणं ही सगळी खाती माझी.

आमची प्रॅक्टिस ड्रमरच्या काकांच्या आडत दुकानात चालते, रात्री नऊनंतर. चारी बाजूंनी सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी, आणि खरं सांगतो, स्टुडिओवाले भिंतींना फोम चिकटवून जे काम करून घेतात ते पोती फुकटात करतात, आवाज घुमतच नाही. माल विकला गेला की मात्र बोंब, वरचे पत्रे वाजायला लागतात आणि ड्रम पातेल्यासारखा ऐकू येतो. तर एका रात्री उशिरा गाडी आली, आमचं गाणं चालू, आणि एक हमालमामा पोतं पाठीवर घेऊन आत आले ते तसेच उभे राहिले, पोतं खाली ठेवायचं सोडून ऐकत, आणि मग मान हलवायला लागले, बरोबर तालात. गाणं थांबल्यावर म्हणाले, "काय वाजवायलाव रं हे? पोतं हलकं वाटायलंय." फोन वजनकाट्याला टेकवून रेकॉर्डिंगला लावलेलाच होता. मामांना विचारून ती क्लिप टाकली, सव्वीस सेकंदांची. आठवड्यात चाळीस हजार व्ह्यूज.

आम्ही हवेत! लगेच लातुरात हॉल बुक केला, तिकीट शंभर रुपये, पोस्टर काय, स्टोरी काय, काउंटडाउन काय. आली अकरा माणसं. त्यातली तीन घरची, आणि हॉलचा वॉचमन, तो पण मी मोजलाय.

त्या रात्री पहिल्यांदा मी इन्स्टाच्या इनसाइट्स, म्हणजे आपलं कोण कुठून बघतंय त्याचा हिशोब, नीट उघडून बघितल्या, तोवर फक्त लाइक मोजायचो. शहरांच्या यादीत पुणे पहिलं, मग मुंबई, हैदराबाद, संभाजीनगर, आणि आपलं लातूर पाचवं. आता आम्ही तर पुण्यात एकदाही वाजवलं नव्हतं, मग हे लोक कोण? उत्तर आमच्याच एका जुन्या गाण्याखाली पडलेलं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती ना, जलदूत, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी, त्यावर आमचं एक गाणं आहे. त्याखाली कमेंट काय, तर "मी तेव्हा अकरावीला होतो, एका बादलीत तिघांची आंघोळ", "आमच्या मेसवाल्या मावशी ताट धुवायला पाणी द्यायच्या नाहीत, पेपर टाकून जेवायचो". म्हणजे ही सगळी लातूर पॅटर्नची पोरं! नांदेड, परभणी, बीड, कुठकुठून दोन वर्षं क्लासला इथं आली, खोलीवर राहिली, आणि आता हिंजवडीत नाहीतर हैदराबादला नोकरीला. लातूर त्यांचं गाव नाहीच, पण त्यांचं लातूर आमच्या गाण्यात आहे, आणि आम्ही येडे लातुरात बसून लातूरकरांना बोलवायलो.

मग पुण्यात पहिला शो लावला, छोट्या जागेत. एकशे तीस लोक आले, आणि दारात आम्ही एक वही ठेवली. नाव, मोबाईल, गाव कोणतं, लातूरला कधी होता. हसू नका, ती वही आमची सगळ्यात मोठी इस्टेट आहे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचं एक असतं, एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही महिनाभर मेसेज पाठवतोय आणि लोक म्हणतात काही आलंच नाही. तेव्हापासून दोन गाण्यांच्या मध्ये मी स्टेजवरून सांगतो, आत्ता फोन काढा, नंबर सेव्ह करा, त्याशिवाय पुढचं गाणं नाही.

वहीच कामून, अॅप आहेत की, असं आमचा गायक म्हणायचा. मग एका अॅपवरचं आमचं अकाउंट कारण न देता बंद पडलं आणि परत मिळालंच नाही. मोठ्यांचं पण हेच होतं. मायस्पेस नावाच्या साइटवर जगभरच्या बँडची गाणी होती, 2019 मध्ये कळलं की सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत अपलोड झालेली गाणी गेली, पाच कोटींच्या वर. अॅपचा माळा भाड्याचा असतो राव, धान्य आपल्या घरात ठेवावं.

उलट मॅरिलियन नावाचा इंग्लंडचा बँड बघा. 1997 मध्ये त्यांच्याकडे अमेरिकेचा दौरा करायला पैसे नव्हते, तर चाहत्यांनीच इंटरनेटवर वर्गणी काढून साठ हजार डॉलर जमवले. आपल्याकडे गणपतीची काढतात तशी! पुढे बँडने ईमेलची यादी नीट सांभाळली, आणि 2001 चा अल्बम रेकॉर्ड व्हायच्या आधीच बारा हजारांवर लोकांनी विकत घेतला. फेसबुक नव्हतं, यूट्यूब नव्हतं. आर्क्टिक मंकीजचं नाव तुम्ही ऐकलं असेल, इंटरनेटने मोठा केलेला बँड म्हणतात, पण ते आधी शोला आलेल्यांच्या हातात फुकट सीडी द्यायचे आणि ती गाणी चाहत्यांनी नेटवर चढवली. सुरुवात हातातूनच.

पैशाचं पटकन सांगतो, कारण तिथं सांगण्यासारखं फार नाहीच. स्पॉटिफायवर एका गाण्याला वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर रॉयल्टी शून्य. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा पाहिजे तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉचटाइम, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण वाजवून, टाकलं तर बऱ्याचदा गाणं ज्याचं त्याच्याकडे पैसे जातात. आमचा खर्च निघतो टी-शर्टवर. त्यावर छापलंय "एक बादली, तीन माणसं". पुण्यात एका मुलीने तीन घेतले, रूममेटांसाठी, म्हणाली आता आम्ही तिघी तीन देशांत आहोत.

लातूरचा शो आता आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवतो, आडतीतच. सगळी पोरं दिवाळीला इकडे आपापल्या गावी आलेली असतात, परतीच्या ट्रॅव्हल्स रात्रीच्या, म्हणून संध्याकाळी पाचला सुरू आणि साडेसातला बंद. हमालमामा गेल्या वेळी आले होते. त्यांचा फोन बटणाचा, स्वतःची क्लिप त्यांनी बघितलीच नव्हती, मी माझ्या फोनवर दाखवली तर म्हणाले, "पोतं नीट नाही धरलेलं मी."

यंदा पण या. सोयाबीनला भाव नाही, काकांनी सगळा माल तसाच थप्पीला ठेवलाय, वैतागलेत बिचारे. आमचा साउंड मात्र इतका चांगला कधी लागला नव्हता.